वायरीचं दुसरं टोक

मंदाकिनी टिपणीस पहिल्यांदा आमच्या केंद्रात आल्या तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना केंद्र काय करतं ते. खिडकीच्या कोपऱ्यातून एक काळी वायर बाहेर गॅलरीत गेलेली. तिच्याकडे मान वर करून बघत म्हणाल्या, "ही कुठे जाते?"

"शेजारी. आनंदच्या कॉम्प्युटर क्लासात."

"आणि तिथून?"

"तिथून कुठे? तिथे संपली."

"बघून येते," म्हणाल्या आणि पायात चप्पल सरकवून खरोखरच गेल्या. मी हातात चहा धरून बसलो. डोंबिवलीत कामगारांसाठी हे केंद्र काढल्यापासून माझ्याकडे पोलीस आले, मालकांची माणसं आली, मतं मागणारे आले. वायर बघायला कुणी आलेलं नव्हतं.

परत आल्या त्या खूश होऊन. "सगळी मशीनं एकाच वायरीवर ओवलीयत. चाळीतल्या कपड्यांच्या दोरीसारखी. आणि शेवटच्या मशीनमागे एक बारीकसं बूच आहे. ते काढलं तर काय होतं सांग."

"काय होतं?"

"सगळंच बंद पडतं. आत्ताच बघितलं."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आनंदची बोंब ऐकू आली.

हे सत्त्याण्णव सालातलं. त्या दिवसापासून त्या आमच्या मंदाताई झाल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण मोर्च्यात त्या कधी दिसल्या नाहीत आणि मोर्च्यात न दिसणाऱ्यांबद्दल काय लिहायचं, असं मला वाटायचं. पण आमच्या कामात सगळ्यात नाजूक जागी कोण उभं होतं असं कुणी विचारलं, तर मी ह्याच बाईकडे बोट दाखवीन.

माहेर नौपाड्यातलं. वडील कारकून, घर शिकलेलं, बोलणं स्वच्छ. तरुणपणी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या, आणि ऐंशी साल उजाडलं तेव्हा ट्रंकच्या बोर्डावरच्या जुन्या, जाणत्या बायकांत त्यांची गणती होती. आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण तेव्हा नाशिकला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा आणि घरात हलायचं नाही. कॉल लागायचा तो मंदाताईंसारख्या कुणाच्या तरी हातून. ह्या भोकातली दोरी त्या भोकात, आणि दोन माणसं जोडली जायची.

मी एकदा तोंडावरच विचारलं, "तुम्ही ऐकायचात का हो लोकांचं?"

"ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "आवाज पोचतोय की नाही बघायला मध्ये कान घालावाच लागायचा. ठरलेली लग्नं मोडताना ऐकलीत मी. दुसऱ्या दिवशी त्याच घरातली बाई भाजीच्या गाडीवर भेटायची. मग आपण मेथीचा भाव विचारायचा."

"आणि कधी तोंडातून गेलं तर?"

"नाही गेलं. पण जाऊ शकलं असतं ना? बोलणाऱ्यांना वाटायचं, आपण दोघंच आहोत. मला रोज नवल वाटायचं, एवढी शिकलेली माणसं, मध्ये एक बाई बसलीय हे कशी विसरतात!"

पुढे घरोघर थेट फोन लागायला लागले. बोर्ड बंद झाला, खात्याने त्यांना बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथे वायर नव्हती, नुसते कागद. कंटाळून नोकरी सोडली. नवरा प्रभाकर बँकेत. तो म्हणाला, आता आराम कर. ह्यांनी डोंबिवलीत घराजवळ आनंदच्या क्लासात नाव घातलं. कशासाठी, तर कॉम्प्युटर एकमेकांशी काय बोलतात ते कळायला हवं म्हणून. आनंद पंचविशीतला, हुशार आणि बडबड्या. त्यानेच त्यांना नाव घातलं त्याच दिवशी आमच्याकडे पाठवलं, कारण आमच्या नोंदी टाइप करायला कुणी नव्हतं आणि माझी बोटं कीबोर्डवर हातोड्यासारखी पडायची.

आता नोंदी कसल्या, ते सांगतो. मी कोपरचा. आमची जात खाडीवर जगणारी. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासा गेला, आणि मग आमच्याच बायका त्याच कारखान्यांत रोजावर जाऊ लागल्या. रंगाची पावडर बनवणाऱ्या एका युनिटात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना दम लागायला लागला. नौपाड्याच्या डॉक्टर प्रमोदिनी रविवारी आमच्याकडे येऊन त्यांना तपासायच्या. एका नळीत फुंकर मारायची, काटा किती वर जातो ते लिहायचं, मधूनमधून एक्स-रे. दर खेपेला काटा थोडा खाली येतोय हे दाखवता आलं तरच फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात आमच्या तक्रारीला कुणी विचारणार होतं.

ह्या बायकांची पुढारी शेवंती. माझ्याच आळीतली, गोमाजीची सून. जिभेला धार, हाताला रंग. तिनेच एकेकीला समजावून आणलेलं. पण सगळ्या कंत्राटावर. कोण तपासायला जातंय हे ठेकेदाराला कळलं असतं तर त्याने काढल्याचं पत्रसुद्धा दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी गेटवर नुसतं "आज काम नाय" म्हटलं असतं, आणि मग रोजच. शेवंतीच्या घरात तिचीच काय ती मजुरी येत होती. म्हणून तक्रार पुरी तयार होईपर्यंत नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, असा शब्द मी तिला दिलेला.

ह्या नोंदी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर होत्या, आणि तो एकदा वीज गेली-आलीच्या झटक्यात मेला. आधीच्या सगळ्या फुंकरी गेल्या. बायकांना पुन्हा बोलावलं, तर काही कामच सोडून गावी गेलेल्या. तेव्हापासून ठरलं की दर आठवड्याला सगळ्याची कॉपी आनंदच्या कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवायची. त्यासाठीच ती काळी वायर. आनंदने त्याचंच एक जुनं थ्री-एटी-सिक्स मशीन आम्हाला दिलं. कॉपी पाठवायचं काम पुढे मंदाताईंकडे आलं, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात आनंदला धरलं.

"मी इथून पाठवते ते तुझ्या कोपऱ्यातल्या मशीनला मिळतं. बरोबर?"

"बरोबर."

"पण वायर एकच. मग मधल्या मशीनांना ऐकू येतं की नाही?"

"येतं ना. पण प्रत्येक मशीन आपल्या नावाचं तेवढंच उचलतं. बाकीचं सोडून देतं."

"म्हणजे ऐकू येतं, पण सभ्य आहेत म्हणून ऐकत नाहीत."

आनंद हसला. "असंच समजा."

"एखाद्याने सभ्यपणा सोडला तर?"

आनंदचं हसू थांबलं. डोळे मात्र चमकले. त्याला असले प्रश्न कुणी विचारत नसे. त्याचे विद्यार्थी फक्त 'नोकरी लागेल का' विचारायचे. "करून बघू या?" तो म्हणाला.

दुपारी क्लास रिकामा असताना त्याने मधल्या एका मशीनवर, एका मासिकासोबत आलेल्या सीडीतून, वायर ऐकणारा प्रोग्राम चढवला. मला त्याच्यापुढे बसवलं. मंदाताई इकडे आमच्या ऑफिसात गेल्या आणि भिंतीवर थाप मारून ओरडल्या, "सोडते!"

काळा पडदा वाहायला लागला. टिंबं, चिन्हं, आकडे, कचरा. मी म्हटलं, "आनंद, ह्यात कुणाच्या बापाला काय कळणार?" आणि तेवढ्यात त्या कचऱ्यातून इंग्रजी अक्षरांत शेवंतीचं नाव सरकत गेलं. मागोमाग तिचा पत्ता. मग तिच्या फुंकरीचे आकडे. मग आवडाबाई. मग सगुणा. मिरवणुकीसारख्या एकेक निघाल्या.

मी पडद्यावर हात आडवा धरला. मंदाताई धावत आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. "अगंबाई," म्हणाल्या. घाबरल्या नव्हत्या, गुंगल्या होत्या. "आनंद, हे बोर्डावर बसल्यासारखंच आहे रे! फक्त इथे कान नाही, डोळे."

आनंद म्हणाला, "दुसरा मार्ग आहे. एन्क्रिप्ट करून पाठवायचं. इकडे निघतानाच सगळ्याचा गोंधळ करायचा, तिकडे पोचल्यावर सोडवायचा. मधल्याला फक्त गोंधळ दिसणार."

"मग तसंच पाठवायचं," मी म्हटलं. "विचारायचं काय त्यात?"

विचारायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. उघडं पाठवलं तर चहा होईपर्यंत सगळं पोचायचं. बंद करून पाठवायला लागलो तर आमच्या म्हाताऱ्या मशीनला धाप लागली. एक्स-रे स्कॅन करून ठेवलेले, ते वजनाने भारी. दुपार सरली तरी निम्मं नाही, आणि निम्म्यावर वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. परत वीज गेली. त्या आठवड्याची कॉपी झालीच नाही.

मी तापलो. "हे काय सीआयडीचं ऑफिस आहे? गुप्त गुप्त करताना एक दिवस हे मशीन पण मरेल आणि मग ना गुप्त, ना उघड! उघडं पाठवा, क्लास रिकामा बघून."

"लाइन मोकळी आहे असं समजून जे बोलतात ना," मंदाताई म्हणाल्या, "तेच सगळ्यात जास्त ऐकलं जातं. आणि क्लास रिकामा कधी असतो? आता दुपारचा तो उंच माणूस येऊन बसतो."

"कोण उंच माणूस?"

आम्ही गॅलरीतून डोकावलो. कीबोर्डवर एका बोटाने टकटक करत बसलेला माणूस बघून माझ्या डोक्यात कळ गेली. काळुराम. त्याच युनिटाच्या गेटवर ठेकेदारातर्फे बायकांची हजेरी लावणारा मुकादम. कोण आली, कोण उशिरा आली, कुणाला परत पाठवायचं, सगळं त्याच्या पेन्सिलीवर.

"आनंद! ह्याला हाकल आधी."

"फी भरलीय त्याने, चंदूदादा. माझा क्लास आहे, तुमचा मोर्चा नाही."

मी आणखी काही बोलणार तर मंदाताई म्हणाल्या, "अरे, त्याला हाकललंस तर दुसरा येईल. वायरीचं बघू या."

आणि मग दोन दिवस त्या बाईने काय केलं, तर नुसता विचार. आमच्या टेबलावर बसायच्या, एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरायच्या, पुन्हा ठेवायच्या. शेवटी मला म्हणाल्या, "चंदू, ह्या फुप्फुसाकडे बघ. कुणाचं आहे?"

"कोपऱ्यात नाव आहे की. आवडाबाई."

त्यांनी कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "आता?"

"आता काय, कुणाचंही."

"मग ह्याला लपवायचं कशाला?"

तेवढं एक वाक्य, आणि काम सुटलं. एक्स-रे स्कॅन करताना कोपरा झाकायचा, नावाऐवजी नंबर द्यायचा, आणि ती जड चित्रं खुशाल उघडी पाठवायची. कुठला नंबर कुणाचा, पत्ता काय, फुंकर किती, ती फाइल वेगळी. ती हलकी. तेवढीच बंद करून पाठवायची. वीज जायच्या आत सगळं पोचू लागलं. आनंदने पुन्हा वायर ऐकून दाखवली. नावांच्या वेळेला पडद्यावर शुद्ध गोंधळ. आम्ही तिघांनी वडापाव खाल्ला. मी शेवंतीला छाती फुगवून सांगितलं, "आता तुमची नावं देवालासुद्धा वाचता यायची नाहीत."

ती म्हणाली, "देव कशाला वाचतंय? काळ्यानं वाचू नये म्हंजी झाला."

पावसाळ्यानंतर रस्ता खणला आणि आमचा फोन मेला. आनंदच्या क्लासात फोन होता. आख्ख्या मजल्याचा तोच नंबर. एका दुपारी क्लासची फी घेणारी मुलगी दारात येऊन, डोंबिवलीतली कुठलीही चांगली शेजारीण ओरडेल तशी, साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडली, "केंद्रवाले! कोपरच्या शेवंतीबाईंचा फोन! एक्स-रे आला का विचारतायत!"

मंदाताई धावल्या, मी मागून. त्यांनी फोन घेतला. "हो… नाही… तू ये, मग बोलू." एवढंच बोलल्या, पण बोलताना त्यांचं तोंड क्लासकडे होतं. सगळी डोकी आपापल्या पडद्याकडे. आणि सगळे कान फोनकडे. कोपऱ्यातल्या मशीनवर काळुराम बसलेला. त्याची टकटक थांबलेली.

फोन ठेवून त्या आनंदजवळ गेल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आनंद, आपली नावांची फाइल पोचल्यावर कुठे असते?"

"त्या मशीनवरच. कोपऱ्यातल्या."

"बंद?"

"नाही… पोचली की उघडतेच ना. वायर संपली की एन्क्रिप्शनचं काम संपलं."

"आणि मशीन?"

"मशीन मी सकाळी माझ्या पासवर्डने चालू करून ठेवतो. पोरं त्याच्यावरच…" आनंदने कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं.

"म्हणजे पीपी," मंदाताई म्हणाल्या.

ज्यांच्या घरी तेव्हा फोन नव्हता त्यांना हे सांगायला नको. लग्नपत्रिकेवर, कार्डावर नंबर छापायचा आणि पुढे पीपी लिहायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांकडे, आमच्या नावाने बोलवा. मग त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या पाहुण्यांदेखत, त्यांच्या सोफ्याच्या कडेला टेकून आपण आपल्या घरातलं बोलायचं. मधल्या ऑपरेटरने कान झाकले तरी उपयोग काय? मंदाताईंचा सगळा जन्म वायरीच्या मध्यावर गेला. त्यांना भीती तिथलीच ठाऊक. टोकाला कोण बसलंय हे त्यांच्या मनातच आलं नाही, आणि माझ्या तर मनात वायरसुद्धा आली नव्हती.

मला मात्र तेवढं तत्त्वज्ञान सुचायला वेळ नव्हता. मी सरळ जाऊन काळुरामची कॉलर धरली. "काय बघतोस रे इथे रोज? ठेकेदाराने पाठवलंय तुला?"

"मी बायोडाटा टाइप करतोय!" तो खुर्चीसकट मागे सरकला. "सोड! फी भरलीय मी!"

पडद्यावर खरोखरच बायोडाटा होता. पण पडद्यावर आत्ता काय आहे ह्यावरून आधी काय होतं हे कसं कळणार?

मंदाताईंनी माझं मनगट पकडलं. बारीक बाई, पण पकड टेलिफोन खात्याची. "सोड त्याला, चंदू. इथे बघण्यासारखं काहीतरी आहे हे तू आत्ता त्याला ओरडून सांगतोयस."

ऑफिसात आल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यांनी आनंदला आधी ती फाइल तिथून पुसायला लावली. आनंदने मशीन उघडून पाहिलं, कुणी वाचली की नाही हे काही त्याला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "शेवंतीला सांगायला हवं."

"काय सांगणार? कदाचित कुणीतरी काहीतरी वाचलं असेल? बायका घाबरून तपासायला यायच्या बंद होतील. डॉक्टरांना अजून आकडे हवेत. मेहनत पाण्यात!"

"तो काळुराम उद्या गेटवर तिला परत पाठवेल, तेव्हा तिला कारण कळायला नको?"

"मी शब्द दिलाय तिला, नावं बाहेर जाणार नाहीत म्हणून!"

"मग शब्द मोडला असेल तर तो मोडलाय हे सांगायला तूच चल. नाव तिचं आहे, अरे. तुझं नाही, माझंही नाही."

रिक्षा करून आम्ही तिच्या घरी गेलो. कोपरला शेवंती दारातल्या नळावर हात घासत होती. पिवळा रंग रॉकेलनेही सुटत नाही, तरी रोज घासायची. ओट्यावर गोमाजी बसलेला. तो म्हणाला, "ये चंदू, आज मोर्चा आमचे दारान?"

मंदाताईंनी सांगितलं, लपवाछपवी न करता. वायर, बंद फाइल, आणि पोचल्यावर ती उघडी पडून राहिली ते. "काळुरामने वाचलं का मला माहीत नाही. नसेलही. पण वाचता आलं असतं. चूक माझी, मी रस्ता बघत बसले, घर बघितलंच नाही."

शेवंती हात घासायची थांबली. मला वाटलं आता शिव्या येणार, आणि त्या मलाच येणार. आल्याही. "चंदू, देवाला वाचता नाय यायचा बोललास ना रे? देवाला र्‍हाऊं दे, आधी तू शीक वाचाया!" मग मंदाताईंकडे वळली. "बाई, आतापरीन किती फुंकरी झाल्या आमच्या? दाखवाया पुरतीन का?"

"डॉक्टर म्हणतात, अजून झाल्या तर केस पक्की."

"पक्की ऱ्हाऊं दे. कच्ची चालंल का?"

मंदाताई मोकळं बोलल्या, "चालेल. पण पडूही शकते."

शेवंतीने हात पदराला पुसले. "आमची नावा त्यानं सांगितली त आमी चोर. आमी सांगितली त तक्रार. बरोबर का नाय?" आणि आळीत तोंड करून हाक दिली, "सगुणे! आवडाबाय! भायेर या गो जरा!"

दुसऱ्या दिवशी त्या गेटवर गेल्याच नाहीत. डॉक्टर प्रमोदिनींनी होते तेवढे आकडे सही करून दिले, आणि सगळ्या बायका रंगलेल्या हातांनी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेल्या. एकेकीने स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. शेवंतीने सगळ्यात मोठ्याने. साहेब म्हणाला, "बाई, मला ऐकू येतं." ती म्हणाली, "बरा हाय. आमचे मुकादमाला येत नाय."

पुढचं सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. ठेकेदाराने आठवडाभर कुणालाच आत घेतलं नाही. पण तक्रारीवर नावं असल्यामुळे तो त्यांना 'आम्ही ओळखत नाही' म्हणू शकला नाही. मी गेटसमोर मांडी घालून बसलो, जे मला येतं ते केलं. इन्स्पेक्टर आला. पॅकिंगच्या खोलीत पंखे लागले, तोंडाला बांधायला धड मास्क मिळाले, सगुणा आणि आणखी दोघींना दुसऱ्या कामावर लावलं. शेवंती त्याच जागेवर परत लागली. फुंकरीचा काटा वर जायला वेळ लागतो. आम्ही तो अजून मोजतोय.

इकडे मंदाताईंनी कॉपीची पद्धत बदलली. आता फाइल निघायच्या आधी, आमच्याच मशीनवर, कुलूपबंद होते आणि कुलपासकट पोचते. तिकडे ती उघडतच नाही; नुसती पडून राहते. मग वायर उघडी असली काय, बंद असली काय! आनंदला मजा वाटली. "ताई, म्हणजे आता तुम्ही चक्क साध्या, उघड्या रस्त्याने पाठवताय?"

"पत्र पाकिटात असलं की पोस्टमनला कशाला घाबरायचं?" त्या म्हणाल्या. पण ते कुलूप किती पक्कं, कसं तोडता येईल, कोणत्या शब्दाने लवकर तुटेल, ह्यावर त्यांनी आनंदला महिनाभर पिडलं. स्वतःच बसून स्वतःचं कुलूप तोडायला बघायच्या.

कुलपाचा शब्द दोघींनाच ठाऊक. मंदाताई आणि शेवंती. शब्द शेवंतीनेच ठरवला, आमच्या आळीतला, कुठल्या पुस्तकात न सापडणारा. मी विचारला तर दोघी हसल्या.

"मी केंद्र चालवतो!"

"म्हणूनच," मंदाताई म्हणाल्या. "तू रागावलास की सगळं बोलतोस."

मी रागावलो. मग गप्प बसलो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डॉक्टरांची वेळ संपत आली तेव्हा दारात काळुराम उभा राहिला. मी उठलोच. मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी पुन्हा बसलो.

"या, काळुरामभाऊ."

तो आत आला. खोकला. "गेटवर पण पावडर उडते," म्हणाला. "पंखे आत लावलेत. बाहेर कोण बघतो?" बाकावर बसला नाही. खिडकीकडे, टेबलाकडे, कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "मी तपासून घेतलं तर माझं नाव कुठे ठेवणार?"

मी तोंड उघडणार होतो. त्याला नाव कुठे ठेवतात हे कुठून कळलं, एवढंच मला विचारायचं होतं. मंदाताईंनाही तोच प्रश्न पडला असणार. त्यांच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. पण त्यांनी तो विचारला नाही. खुर्ची ओढून त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"इथे ठेवणार. ही बघा फाइल, उघडी. आता मी शब्द घालते, तुम्ही तिकडे बघा." तो भिंतीकडे तोंड करून बसला. "आता बघा. वाचता येतं?"

"नाही. कचरा दिसतो."

"हाच कचरा शेजारी जातो आणि कचराच राहतो. मी मेले तर शेवंती उघडेल. दोघी मेलो तर कुणीच नाही. पटत असेल तर फुंका. किंवा नुसता नंबर देते, नाव घालायचंच नाही. तसंही चालेल."

काळुराम उठला. मग डॉक्टरांकडून नळी घेतली, छाती भरली आणि फुंकला. काटा निम्म्यावरही गेला नाही. पुन्हा फुंकला. तेवढाच.

मंदाताईंनी आकडा टाइप केला. नावाच्या रकान्यात येऊन त्यांची बोटं थांबली.

"काय लिहू?"

"काळुराम," तो म्हणाला. "पूर्ण लिहा. बापाचं पण."